निर्वंशाचे गणित

मराठीतल्या शिव्याशापांची कुणी प्रतवारी लावलीच, तर 'तुझा निर्वंश होवो' हा शाप बहुधा अव्वल ठरेल. 'मर मेल्या' हे त्या मानाने सौम्यच. त्यात एकच माणूस जातो. निर्वंशाच्या शापात जे अजून जन्मालाही आलेले नाहीत, तेसुद्धा जातात. म्हणूनच आपल्याकडे एखादे घराणे संपले, की चार माणसे जमून कारण शोधू लागतात. पूर्वजाने कुणाची जमीन लुबाडली असेल, कुणा अनाथाचा तळतळाट लागला असेल, नाग मारला असेल. वंश बुडाला, त्या अर्थी कुठे तरी पाप असलेच पाहिजे, हा आपला सरळसोट तर्क.

गंमत अशी की, माणसांच्या घराण्यांना लावलेला हाच न्याय आपण पुढे पशुपक्ष्यांनाही लावला. डायनोसॉर नाहीसे झाले, त्या अर्थी ते मंद, अवजड आणि बिनडोक असले पाहिजेत, असे शाळकरी पोरगाही छातीठोकपणे सांगतो. कचेरीत नव्या यंत्राशी जुळवून न घेणाऱ्या हेडक्लार्कचा हाताखालची मंडळी पाठीमागे त्याच नावाने उद्धार करतात. आता, ज्या कुळाने पंधरा कोटींहून अधिक वर्षे पृथ्वी गाजवली, त्याला जेमतेम तीन लाख वर्षांच्या मनुष्यजातीने बिनडोक म्हणावे, हे जरा धाडसाचेच. पण ते राहू द्या. मूळ प्रश्न असा : जो संपला, तो संपण्याच्याच लायकीचा होता, हे खरे का?

काही मंडळींनी हा प्रश्न पुराणिकाला न विचारता गणिताला विचारला. गणिताने दिलेले उत्तर मोठे विचार करायला लावणारे आहे. बीजगणिताचे नाव ऐकून पान उलटू नका. दोन नाणी, कागद, पेन्सिल आणि दिवाळीच्या सुटीत कंटाळलेली मुले, एवढे साहित्य घरात असले म्हणजे पुरे.

पहिला प्रश्न विचारला इंग्लंडातल्या फ्रान्सिस गाल्टन यांनी, १८७३ साली. नामांकित घराण्यांची आडनावे एकामागून एक नाहीशी होत आहेत, अशी त्या काळी तिकडे हाकाटी होती. सुखवस्तूपणा आला की वंश खुंटतो, असा लोकांचा समज. गाल्टन हे आनुवंशिकतेचे कट्टर पुरस्कर्ते. थोरवी रक्तातूनच उतरते, असे मानणारे. अशा माणसाने म्हटले, की दोष देण्याआधी एक गोष्ट मोजू या. कुणातही काहीही उणे नसताना निव्वळ योगायोगाने किती आडनावे बुडतील? शिक्षकांच्या एका नियतकालिकात त्यांनी हे कोडे घातले. ते सोडवायला घेतले हेन्री वॉटसन नावाच्या एका पाद्रीबुवांनी. दोघांचा मिळून निबंध १८७४ साली सादर झाला.

आता नाणी काढा. एक चाळ कल्पू या. बिऱ्हाडे १००, प्रत्येकाचे आडनाव वेगळे. आडनाव मुलाकडून पुढे चालते, ही जुनी रीत हिशेबापुरती धरू. लेकीसुनांनी रागावू नये. प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाने दोन नाणी उडवायची. जितके छापे पडतील, तितके त्याला मुलगे. दोन्ही काटे पडले, तर मुलगा नाही. म्हणजे चारांतल्या एका वेळी काही नाही, दोनदा एक मुलगा, एकदा दोन. सरासरी बरोबर एक. सगळ्यांची नाणी सारखी. कुणी पापी नाही, कुणी पुण्यवान नाही.

पहिल्याच पिढीला १०० पैकी सुमारे २५ आडनावे जातात. दुसऱ्या पिढीअखेर ३९ गेलेली असतात, तिसरीअखेर ४८, पाचवीअखेर ६०. दहा पिढ्या उलटल्या, की १०० पैकी ७४ आडनावांच्या पाट्या उतरलेल्या असतात. आणि चाळ मात्र भरलेलीच! माणसे सरासरीने तेवढीच आहेत. उरलेल्या २६ आडनावांनी सगळे बिऱ्हाड व्यापले आहे. एकेका आडनावाची सरासरी चार-चार घरे झाली आहेत. आता या २६ घराण्यांतले म्हातारे गॅलरीत खुर्च्या टाकून काय बोलत असतील, ते सांगायला नको. "आमच्या पणजोबांची पुण्याई, दुसरे काय!" पुण्याई कसली? नाणे छापा पडले, इतकेच.

वॉटसनसाहेबांच्या हातून मात्र एक गफलत झाली. घराणी वाढती असली तरी शेवटी सगळी बुडणारच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ते खरे नव्हे. मुलग्यांची सरासरी एक किंवा त्याहून कमी असेल, तर आज ना उद्या बुडणे अटळ. एकाहून अधिक असेल, तर काही घराणी कायमची तरून जातात. हे बिएनेमे नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी १८४५ सालीच बरोबर सांगून ठेवले होते. पण त्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

परंतु या तरून जाण्यातही एक मेख आहे. समजा, आपली नाणी दहांतून सहा वेळा छापा पडणारी आहेत. सरासरी १.२ मुलगे. म्हणजे घराणे चांगले वाढते. तरीही एका माणसापासून सुरू झालेली अशी १०० घराणी घेतली, तर त्यांतली ४४ बुडतात, आणि बहुतेक सुरुवातीच्या पिढ्यांतच बुडतात. गुण अंगी असून पहिल्या दोन-चार डावांत दान उलटे पडले, की संपले.

उलट बाजूही पाहा. पहिल्याच चाळीत एकाच आडनावाची दहा घरे आरंभी असती, तर दहा पिढ्यांत ती सगळीच्या सगळी बुडण्याचा संभव किती? एकट्या घराचा होता १०० त ७४. दहा घरांचा होतो १०० त अवघा ५. नाणी तीच, माणसे तशीच. फरक फक्त संख्येचा. आपल्या समाजाला हे बीजगणित ठाऊक नसले, तरी त्यातले दुःख पुरते ठाऊक होते. म्हणून तर दत्तकाची सोय निघाली. उलट्या पडलेल्या नाण्यावर माणसाने शोधलेला तो उतारा होता. इंग्रजांनी १८४८ साली दत्तक नामंजूर करून सातारचे राज्य खालसा केले, तेव्हा त्यांनी तो उताराच काढून घेतला.

आता माणसांच्या जागी जीवजाती ठेवा. एखाद्या जातीतून दुसरी जात फुटते, हा जणू मुलगा झाला. जात नष्ट होते, हा मृत्यू. एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट म्हणजे घराणे. त्याला आपण सोयीसाठी 'कूळ' म्हणू.

हा धागा जुळला तो सिंहलद्वीपात. तिथल्या पेरादेनियाच्या प्रख्यात वनस्पतिउद्यानाचे संचालक जे. सी. विलिस यांना वनस्पतींच्या याद्या चाळताना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ज्यांत एकच जात आहे अशी कुळे सर्वांत अधिक. दोन जातींची त्याहून कमी. तीनांची आणखी कमी. आणि शेवटी शेकडो जातींची अशी दोन-चारच अवाढव्य कुळे. भुंगेरे घ्या, साप घ्या, सरडे घ्या. सगळीकडे तोच नमुना. अडनी यूल या संख्याशास्त्रज्ञांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे गणित मांडले. प्रत्येक जातीतून नवी जात फुटण्याचा संभव सारखाच धरला, तरी काळाच्या ओघात नेमका हाच नमुना तयार होतो, असे त्यांनी दाखवले. म्हणजे मोठे कूळ हे थोर असल्यामुळेच मोठे झाले असे नव्हे. ते जुने असेल, किंवा त्याचे दान बरे पडले असेल. पुढे १९४८ साली डेव्हिड केंडल यांनी फुटण्याचा वेग आणि विझण्याचा वेग हे दोन्ही एकत्र घेऊन हिशेब पुरा केला. नवलाची गोष्ट अशी की, हे दोन वेग अगदी समसमान असले, तरी प्रत्येक कूळ केव्हा ना केव्हा विझतेच.

मग १९७३ साल उजाडले. अमेरिकेत वूड्स होल या समुद्रकाठच्या गावी भेटलेल्या चौघा जणांनी, म्हणजे राउप, गुल्ड, शॉप्फ आणि सिम्बरलॉफ यांनी, संगणकाला नाणी उडवायला बसवले. दर खेपेला प्रत्येक जातीने एक तर फुटायचे, नाही तर विझायचे, नाही तर तसेच राहायचे, सगळे यदृच्छेने. छापून आलेल्या कुळांच्या आकृत्या पाहिल्या, तर त्यांत काही कुळे झपाट्याने फोफावून कोसळलेली, काही रोडावलेली पण चिवट. खडकांतल्या अवशेषांवरून विद्वानांनी पूर्वी ज्या कुळांच्या 'उत्कर्षाच्या' आणि 'ऱ्हासाच्या' कथा लिहिल्या होत्या, त्यांच्याशी या आकृत्यांचे फार साम्य होते. नुसत्या नाण्यांनाही उत्कर्ष आणि ऱ्हास होता!

त्याच वर्षी ली व्हॅन व्हालेन यांनी आणखी एक गोष्ट नजरेस आणली. एखादा गट जुना झाला म्हणून तो अधिक सुरक्षित होत नाही, की म्हातारा होऊन अधिक लवकरही मरत नाही. उपाहारगृहातल्या काचेच्या पेल्यासारखे त्याचे असते. दहा वर्षे टिकलेला पेला उद्या फुटणार नाही, असे त्याच्या वयावरून कोणी म्हणू शकत नाही. कालच आणलेल्या पेल्याइतकाच त्यालाही धोका.

तर मग सगळाच योगायोग का? नाही, इथे गणितानेच गणिताचा कान धरला. १९८१ साली काही अभ्यासकांनी दाखवून दिले, की संगणकातली ती कुळे फार लहान होती. मोजक्या जातींच्या कुळात नाण्यांची लहर चालते. शेकडो जातींच्या कुळात ती आपोआप पुसली जाते. आपल्या चाळीतल्या दहा घरांसारखेच हे. तेव्हा लहान कूळ विझले, तर योगायोग पुरेसा आहे. मोठे, भरभराटलेले कूळ विझले, तर मात्र नुसत्या नाण्याला जबाबदार धरता येत नाही. तिथे दुसरे काही तरी घडलेले असते.

ते काय, हे सांगायला आपल्याच देवघरात एक साक्षीदार बसलेला आहे. दिवाळी संपता संपता तुळशीचे लग्न लागेल. पुष्कळ घरी तुळशीशेजारी वर म्हणून शाळिग्राम ठेवतात. नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रात सापडणारा हा काळा गुळगुळीत दगड. त्यावरचे चक्र हे विष्णूचे चिन्ह. ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या शिंपल्याचा ठसा आहे. हिमालय उभा राहण्याच्या फार आधी तिथे समुद्र होता. त्यात सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी पोहत असत. श्रद्धेला यात काही बाधा नाही. उलट, आपण हातात धरतो ती वस्तू किती प्राचीन आहे, हे कळले म्हणजे हात अधिकच अदबीने जुळतात.

या अमोनाइटांचे आणि त्यांच्या पूर्वजांचे घराणे विलक्षण चिवट. चाळीस कोटी वर्षांपूर्वी ते समुद्रात वावरतच होते. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा सर्वांत मोठा संहार झाला. समुद्रातल्या दहा जातींमागे आठ-नऊ जाती गेल्या. अमोनाइटांच्या मोजक्या शाखा उरल्या; त्यांतून घराणे पुन्हा फोफावले. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी दुसरा घाला आला. पुन्हा एखाददुसरा धागा उरला आणि पुन्हा शेकडो जाती झाल्या. आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबर, हे घराणेही कायमचे विझले.

त्या वेळी झाले काय? १९८० साली लुई आणि वॉल्टर आल्व्हारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इटलीतल्या खडकांच्या एका पातळ थरात इरिडियम या दुर्मीळ धातूचे प्रमाण फार असल्याचे पाहून, आकाशातून एक प्रचंड अशनी कोसळला असला पाहिजे असे मांडले. पुढे मेक्सिकोत चिक्शुलूब येथे जमिनीखाली दडलेले सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर ओळखले गेले. त्याच सुमाराला इकडे आपल्या दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे लोटच्या लोट बाहेर पडत होते. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी त्या काळ्या फत्तराखाली आहे. सह्याद्रीचे कडे त्याचेच, शिवरायांचे गड त्यावरचे, अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरलेली. त्या संहारात अशनीचा वाटा किती आणि आपल्या सह्याद्रीचा किती, यावर विद्वानांचा वाद रंगला आहे. अशनीचे पारडे जड मानतात.

अमोनाइट गेले आणि त्यांचे दूरचे भाऊबंद नॉटिलस मात्र राहिले. आजही ते प्रशांत आणि हिंदी महासागरांत आहेत. नॉटिलस अधिक हुशार होते काय? तसे दिसत नाही. अमोनाइटांची पिले अगदी बारीक. समुद्राच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव खाऊन वाढणारी. असंख्य पिले आणि दूरवर प्रसार, हाच त्या घराण्याचा मोठा गुण. नॉटिलस मोजकीच, पण मोठी, भरपूर बलक असलेली अंडी घालतो. आकाश काळवंडले, वरच्या थरातले अन्न संपले, तेव्हा कोट्यवधी वर्षे ज्या गुणाने तारले, त्याच गुणाने अमोनाइटांना मारले, असा आज बहुतेकांचा कयास आहे.

डेव्हिड राउप यांनी १९९१ साली या विषयावर पुस्तकच लिहिले. जाती मेल्या त्या गुण वाईट म्हणून की नशीब वाईट म्हणून, असा प्रश्न त्यांनी पुस्तकाच्या नावातच टाकला. त्यांच्या मते नाश तीन तऱ्हांनी होऊ शकतो. एक, मैदानात अंदाधुंद गोळ्या सुटाव्यात आणि ज्याला लागेल तो पडावा, तसा. दुसरा, नियमाने खेळलेल्या सामन्यात दुबळा हरतो, तसा. तिसरा सर्वांत विचित्र : खेळ चालू असताना नियमच बदलावेत, आणि जुन्या नियमांत पारंगत असलेल्यांनी हरावे. मोठी कुळे जातात ती बहुधा या तिसऱ्या तऱ्हेने, असे राउप यांचे म्हणणे. अशा पराभवाला नालायकी म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

आता हे सारे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे; त्याचे आपल्याला काय, असे कुणी विचारील. त्यासाठी एका पक्ष्याची गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हीथ हेन नावाचा, माळावर राहणारा कोंबडीएवढा पक्षी एके काळी विपुल होता. माणसाने तो मारून खाल्ला; १८७० च्या सुमारास तो मार्थाज व्हिनयार्ड या एकाच बेटावर उरला. १९०८ साली तिथे अभयारण्य केले, तेव्हा पक्षी होते जेमतेम ५०. राखण चांगली झाली. १९१५ पर्यंत ते २,००० च्या घरात गेले. सगळ्यांना वाटले, जिंकलो. १९१६ साली ऐन विणीच्या हंगामात वणवा लागला. पाठोपाठ कडक हिवाळा आला. त्यातच शिकारी ससाण्यांची धाड आली. मग रोगाची साथ. जे उरले, त्यांत नर फार आणि माद्या थोड्या. १९३२ साली शेवटचा एकटा नर दिसला. नंतर तो कुणालाच दिसला नाही.

वणवा, थंडी, ससाणे, साथ, यांतले एकही संकट त्या पक्ष्याला नवे नव्हते. किनाराभर पसरलेला असता, तर एका बेटावरच्या वणव्याने त्याचे काय बिघडले असते? आपण त्याला आधी दहा घरांवरून एका घरावर आणले. उरलेले काम नाण्याने केले.

आपल्याकडचा माळढोक आज त्याच जागी उभा आहे. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आज तिथे माळढोक दिसणे ही बातमी होते. देशभर मिळून ते दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही. जैसलमेरच्या परिसरात २०१९ पासून त्याची अंडी उबवून पिले वाढवण्याचे काम चालू आहे. हे एका परीने दत्तकविधानच म्हणायचे. ते सफल होवो. पण गणित सांगते, की एका जागी राखलेले थोडके पक्षी म्हणजे अजून एकच घर. माळ राखले, तारांचा बंदोबस्त केला, दोन-चार ठिकाणी त्यांचा पुन्हा संसार मांडून दिला, तरच घरे वाढतील.

तेव्हा एखादा पक्षी किंवा प्राणी संपत आला असे ऐकले, की 'तो काळाच्या ओघात टिकलाच नसता' असे म्हणून सुटका करून घेऊ नये. असे म्हणणारा माणूस गॅलरीतल्या त्या म्हाताऱ्यांच्याच पंक्तीला बसतो. स्वतःच्या छाप्याला पुण्याई म्हणतो आणि दुसऱ्याच्या काट्याला पाप. नाणे कसे पडावे, हे आपल्या हाती नाही. कुणाच्या पदरात किती नाणी राहू द्यायची, हे मात्र सध्या तरी आपल्याच हाती आहे.